प्रस्ताव असा, की डावीकडे वळावं

त्या दिवशी मुलुंडला थंडी पडली होती. म्हणजे आपली थंडी हो. पंखा बंद करायचा नाही, तीनवरचा दोनवर आणायचा, एवढीच. समोरच्या डोंगरावर धुकं होतं की धूर, ते कुणाच्या बापाला सांगता आलं नसतं, पण बघायला बरं वाटत होतं. ऊन कोवळं, हवा हलकी. अशा हवेत माणसाला उगाच वाटतं की आपण अजून डोंगर चढू शकतो. वाट लागते ती इथंच!

त्या दिवसाचंच सांगायला बसलोय, पण ते सरळ सांगता येत नाही. आपल्या घरात दारामागे एक पिशवी असते बघा, तिच्यात घरातल्या सगळ्या पिशव्या कोंबलेल्या. एक ओढली की चार बाहेर येतात. आमच्या संस्थेचे किस्से तसे आहेत. मुद्दाम कुणी जमवले नाहीत. साठले.

संस्था म्हणजे पोरांना रानात नेणारी. मुलुंड, भांडुप, घाटकोपर, गोवंडीची आठवी-नववीची मुलं-मुली. तंबूत राहायचं, चूल पेटवायची, झाडं-पाखरं ओळखायची, मोबाईल घरी ठेवायचा. नेणारे इन्स्ट्रक्टर तरुण, तयारीचे. आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही पाच ट्रस्टी. आम्हाला पगार नाही, मानधन नाही आणि खरं सांगायचं तर कामही नाही. नुसतं मार्गदर्शन! संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्याविरुद्ध ठराव येईल.

त्या दिवशी मात्र काम होतं. शेजारच्या सुनीताची प्रज्ञा शिबिराला जाणार की घरी बसणार, ते आम्हा पाच जणांच्या पायांवर ठरणार होतं. कसं ते सांगतो. आधी माणसं बघून घ्या.

*

मी ट्रस्टी कसा झालो, ते मलाच नीट कळलेलं नाही.

गिरणी गेल्यावर मी एका सोसायटीच्या गेटवर उभा राहिलो तो म्हातारा होईपर्यंत. आता गेट सुटलं, पण सोसायटीच्या हॉलची चावी माझ्याकडेच राहिली. या लोकांची मीटिंग त्या हॉलमध्ये. तेव्हा ते चारच होते आणि नियमाला पाचवा पाहिजे होता. पाचवा कोण यावर सकाळपासून चर्चा. माझी जेवणाची वेळ टळून गेली. मधे बोलणं बरं दिसत नाही, म्हणून “हॉल कधी बंद करू?” असं विचारायला मी हात वर केला.

“वा! सावंत स्वतःहून पुढे आले!” अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या.

मी म्हटलं, “अहो साहेब, माझी शाळा दुसरीतच सुटली. मला इंग्रजी एक अक्षर येत नाही.”

अध्यक्ष म्हणाले, “सावंत, ट्रस्टीला वाचावं लागत नाही. सही करावी लागते!”

*

हे अध्यक्ष म्हणजे करमरकर साहेब. बँकेतून मोठ्या जागेवरून निवृत्त झालेले. प्रस्ताव आणि अनुमोदन यांच्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नाहीत. दुसऱ्या जिग्नाबेन, दातांच्या डॉक्टर. तिसरा गायकवाड, अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत. रानात लागणारी प्रत्येक वस्तू याच्याकडे आहे, फक्त रानात जायला सुट्टी नाही. चौथा परब, मालवणचा, तीन रिक्षांचा मालक. आणि पाचवा मी, हात वर केलेला.

एकदा हॉलमध्ये “निसर्गाशी मैत्री” या विषयावर मीटिंग चालली होती. जिग्नाबेन सांगत होत्या की मुलांच्या मनातली प्राण्यांची भीती घालवली पाहिजे. तेवढ्यात वरून टेबलाच्या मध्यावर पाल पडली. टप्!

जिग्नाबेन खुर्चीवर. गायकवाड टेबलाखाली, पण पाल टेबलावर होती हे लक्षात आल्यावर तो बाहेर व्हरांड्यात. करमरकर साहेब दारात उभे राहून म्हणाले, “सभा तहकूब!”

परब तेवढा जागेवर. कारण तो झोपला होता. गडबडीनं जागा झाला, पालीकडे बघितलं आणि म्हणाला, “मेल्यानू, ही हंयच रवता. तिका सभेची नोटीस गेल्ली काय?”

*

मग गायकवाडचा तंबू. पोरांसाठी नवीन तंबू घ्यायचे होते, तर नमुना म्हणून त्यानं हॉलमध्येच एक उभा केला. झकास होता. निळा, दोन खिडक्या, चेन लावली की मच्छरसुद्धा आत येणार नाही. “अध्यक्षांनी आधी बसून बघावं,” असा प्रस्ताव आला. करमरकर साहेब आत गेले, चेन लावली, आणि चेन अडकली.

गायकवाड बाहेरून ओढतोय, साहेब आतून ओढतायत. शेवटी साहेब आतून म्हणाले, “विषय खूप आहेत. तुम्ही प्रयत्न चालू ठेवा, मी सभा चालू ठेवतो.”

आता प्रश्न आला, की अध्यक्ष हजर धरायचे की गैरहजर? जिग्नाबेन म्हणाल्या, “आवाज येते ना? मग हजर.”

सगळे विषय झाले. मतदानाच्या वेळी तंबूला आतून फुगवटा यायचा, तो अध्यक्षांचा हात. शेवटी मी स्वयंपाकाचं तेल आणून चेनला चोळलं आणि साहेब घामानं निथळत बाहेर आले. चेहरा एकदम प्रसन्न!

“आजची सभा फार छान झाली,” म्हणाले. “कुणाचं तोंड बघावं लागलं नाही.”

*

पोरांना मोबाईलबंदी, मग ट्रस्टींना का नाही, असा मुद्दा एकदा जिग्नाबेननी काढला. मुद्दा बिनतोड होता. ठरलं, की पुढच्या मीटिंगच्या दिवशी सकाळपासून कुणी मोबाईलला हात लावायचा नाही.

नेमकं त्या दिवशी हॉलमध्ये बारसं निघालं. करमरकर साहेबांनी मीटिंगची जागा बदलली आणि सगळ्यांना कळवलं. कशावर? व्हॉट्सॲपवर!

आम्ही चौघं ठरावाला जागणारी माणसं. कुणी मोबाईल बघितला नाही. आम्ही हॉलवर गेलो, बारशाला बसलो, घुगऱ्या खाल्ल्या, बाळाचं नाव ऐकलं आणि घरी आलो. साहेब तिकडे बागेतल्या बाकावर एकटेच.

दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, “साहेब, मीटिंग रद्द झाली असेल ना?”

“रद्द कशाला? तीन ठराव मंजूर झाले. एकमताने!”

*

आता सुनीता. सुनीता कांबळे, माझ्या दाराला दार. माहेर लातूरकडचं, बोलणं मुंबईचं. नाहूरकडे कुठल्याशा मोठ्या टॉवरच्या सोसायटीत ऑफिसात कामाला जाते, गळ्यात कार्ड घालून. तिची प्रज्ञा नववीत. पोरगी गेल्या वर्षापासून शिबिर-शिबिर करतेय. दोरीच्या गाठी मारायला शिकली ती माझ्या खुर्चीवर. मी चहा घ्यायला उठलो की खुर्ची माझ्या मागून येते! आई मात्र नाही म्हणायची. आणि पुढच्या वर्षी दहावी. मग कसलं रान आणि कसलं काय.

या वर्षी आम्ही पालकांची मीटिंग घेतली. करमरकर साहेब छान बोलले. मग सुनीता उभी राहिली.

“साहेब, एक विचारू? तुमच्या पाचांपैकी रानात कोण गेलंय?”



साहेब म्हणाले, “आमची भूमिका मार्गदर्शकाची असते.”

“म्हणजे कोणी नाही.”

“तसं नाही ताई, धोरणात्मक पातळीवर आपण...”

“माझी एकुलती पोरगी आहे साहेब. धोरणात नाही, डोंगरात चाललीय ती. ज्या वाटेनं पोरांना नेणार, त्या वाटेनं आधी तुम्ही पाच जण जाऊन या. धड परत आलात, तर पाठवते.”

मागून सगळ्या आया म्हणाल्या, “बरोबर आहे!” म्हणजे प्रज्ञाच नाही, अख्खं शिबिरच आमच्या गुडघ्यांवर आलं.

घरी आलो तर प्रज्ञा व्हरांड्यात उभी. म्हणाली, “आजोबा, जमेल ना तुम्हाला?”

मी म्हटलं, “बघू.” दुसरं काय म्हणणार!

*

तर तो दिवस. पंखा दोनवरचा.

रोहित म्हणून आमचा इन्स्ट्रक्टर आहे, डोळे मिटून ती वाट चालतो. रीतसर परवानगी त्यानंच काढली होती. तो म्हणाला, “मी येतो सोबत.” त्यावर मतदान झालं आणि प्रस्ताव पडला. साहेब म्हणाले, “मार्गदर्शकांना मार्गदर्शक? लोक हसतील!” मोबाईल कुणी घेतले नाहीत, कारण पोरांच्या वाटेवर पोरांचाच नियम, असा ठराव. गायकवाडच्या घड्याळात दिशा कळते, पण घड्याळ चार्ज नव्हतं.

वाट सोपी. पायथ्यापासून वरच्या मोठ्या कातळापर्यंत जायचं आणि मागून वळसा घालून तिथंच खाली उतरायचं. पोरं सकाळी जातात, जेवायला परत येतात.

कातळ आला. थेपले खाल्ले. सगळ्यांना वाटलं, झालं की! आणि उतरताना पहिला फाटा लागला.

करमरकर साहेब थांबले. “प्रस्ताव?”

परब म्हणाला, “डावी.” गायकवाड म्हणाला, “उजवी.” जिग्नाबेन गायकवाडकडे, साहेब परबकडे. दोन-दोन. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला दोन्ही वाटा बऱ्या दिसत होत्या. मी तटस्थ राहिलो. मग अध्यक्षांचं जादा मत. डावीकडे.

पुढचा फाटा. दोन-दोन, मी तटस्थ, डावीकडे. त्याच्या पुढचा, तेच.

जिग्नाबेन म्हणाल्या, “हा दगड मघाशी पण होता.”

साहेब म्हणाले, “हा विषय आता चर्चेला नाही.”

गायकवाड वैतागला. “अरे यार, सरळ मागे फिरू या ना!”

“फिरता येणार नाही,” साहेब शांतपणे म्हणाले. “मंजूर झालेला ठराव त्याच सभेत रद्द करता येत नाही.”

आणि गंमत बघा, हे सगळ्यांना पटलं! आम्ही ठरावाबरहुकूम चालत राहिलो. परबच्या एका चपलेचा तळवा गेला. साहेबांच्या केसांत कुसळं. पाखरं ओरडत होती, पण ओळखायच्या मनःस्थितीत कुणी नव्हतं. मला मात्र प्रज्ञा दिसत होती, दोरी घेऊन व्हरांड्यात उभी.

शेवटी एकदाची झाडी संपली, एका पडक्या कुंपणातून आम्ही वाकून बाहेर आलो, आणि बघतो तर हिरवंगार लॉन. पलीकडे निळं पाणी. पोहण्याचा तलाव! वर बघितलं तर टॉवर, टोक दिसेना.

जिग्नाबेन म्हणाल्या, “वाचलो!”

तेवढ्यात गार्ड आला.

“एंट्री कहाँ से किया?”

“जंगल से,” साहेब म्हणाले.

त्यानं हातातल्या मोबाईलवरच्या नोंदींच्या यादीवर बोट फिरवलं. “गेट एक है, गेट दो है, गेट तीन है. जंगल नहीं है.”

“अरे, हमको सिर्फ बाहर जाना है!”

“एंट्री नहीं, तो एग्झिट कैसे होगा?”

“मग आम्ही परत जंगलात जातो!” साहेब मराठीवर आले.

“उधर से जाना मना है.”

परब तापला. “आवशीक खाव! बिबट्यान सोडल्यान, पण हो गार्ड सोडणा नाय!”

गेटवर जन्म काढलाय, मीसुद्धा सोडलं नसतं. मी त्या गार्डच्या शर्टाकडे बघत होतो. खिशावर एक चित्र होतं, दोन उंच इमारती आणि मधे झाड. हेच चित्र मी रोज सकाळी बघतो. सुनीताच्या गळ्यातल्या कार्डावर.

गार्ड म्हणाला, “यहाँ किसी को पहचानते हो? वो ॲप्रूव्ह करेगा तो छोड़ता हूँ.”

मी चौघांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

“नको!” गायकवाड म्हणाला. “त्यांना कळलं तर शिबिर गेलं. आपण इथंच थांबू, ड्युटी बदलेल तेव्हा सटकू.”

साहेब म्हणाले, “प्रस्ताव असा, की सुनीताताईंना बोलवावं. कोण बाजूनं?”

जिग्नाबेनचा हात वर. त्यांचा गुडघा सुजला होता. परबचा वर. साहेबांचा खाली, गायकवाडचा खाली. दोन-दोन. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तटस्थ राहिलो असतो, तर अध्यक्षांचं जादा मत होतंच.

पण शेजारणीपासून लपवून तिची पोरगी कशी न्यायची?

मी हात वर केला. या खेपेला हॉल कधी बंद करू, ते विचारायला नव्हे.

मी सुनीताचं नाव सांगितलं, गार्डनं ऑफिसला फोन लावला. सुनीता आली. गळ्यात कार्ड, हातात मोबाईल. एकेकाकडे बघत गेली. साहेबांची कुसळं, परबची चप्पल, जिग्नाबेनचा गुडघा, गायकवाडचं बंद घड्याळ आणि शेवटी मी. मोबाईलवर काहीतरी दाबलं. गार्डचा मोबाईल वाजला, त्यानं सलाम ठोकला आणि मोठ्यानं वाचलं.

“डिलिव्हरी, पाँच नग. जाने दो!”

गेटबाहेर तिनं आमच्यासाठी दोन रिक्षा थांबवल्या. बाकीचे चौघं मान खाली घालून बसले. मी मागे राहिलो. म्हटलं, “सुनीता, प्रज्ञाला तू काय सांगायचं ते सांग. आमच्याकडून तर...”

तिनं माझ्या खांद्यावरची वाळकी काटकी काढून टाकली आणि म्हणाली, “काका, प्रज्ञा येईल. तुम्हाला परत आणायला कुणीतरी नको का!”