बिजागऱ्यांची पेटी

आमचे हे सुतार. चर्चची बाकं करायचे, लग्नाची कपाटं करायचे, दारं-खिडक्या तर किती केल्या असतील, पण आजूबाजूच्या गावांत त्यांची ओळख एकाच कामाची. मर्तिकाची पेटी. चर्चची घंटा संथ वाजायला लागली की हे हातातला घास ताटात ठेवायचे, हात धुवायचे आणि पडवीतली सुतळी खांद्यावर टाकून निघायचे. कोण गेलं ते रस्त्यात कळायचंच.

त्या कामाची त्यांची पथ्यं होती, सासऱ्यांकडून आलेली. घंटा वाजल्याशिवाय फळीला करवत लावायची नाही. तयार पेटी घरात ठेवायची नाही, मग कुणी कितीही विनवू दे, की बाप आजचा उद्याचा आहे, करून ठेवा. आणि माप टेपने घ्यायचं नाही, सुतळीने घ्यायचं. डोक्यापासून पायापर्यंत सुतळी ताणायची, पाऊल संपतं तिथे गाठ मारायची, आणि पेटी झाली की ती सुतळी पेटीतच पायाशी ठेवून द्यायची. ज्याचं माप त्याच्याबरोबर गेलं पाहिजे. मागे राहिलं तर काय, ते हे कधी बोलले नाहीत, आणि मीही विचारलं नाही.

अशा आमच्या घरी फ्रेंच लोक सिनेमा घेऊन आले.

नव्वदच्या पुढची वर्षं ती. आमच्याकडच्या जुन्या किल्ल्यात शूटिंग नेहमीचंच, त्यामुळे गोरी माणसं दिसली तरी कुणी वळून बघत नसे. पण हे लोक किल्ल्यासाठी आलेच नव्हते. त्यांनी कामणला एक गोदाम भाड्याने घेतलं होतं आणि त्यात आकाशात उडणारं जहाज बांधलं होतं. मी पुढे ते बघितलं तेव्हा मला वाटलं, कुणाचं तरी स्वयंपाकघर उलटं झालंय. कुकरची झाकणं, इडलीपात्रं, स्टोव्हचे बर्नर, मिक्सरची भांडी, सगळं भिंतींना ठोकलेलं आणि वरून चंदेरी रंग. सिनेमाच तसा होता, अंतराळाच्या मोठमोठ्या सिनेमांची टिंगल करणारा.

एके सकाळी त्यांची जीप आमच्या दारावरून चालली होती. पडवीत एक पेटी पॉलिश सुकायला ठेवलेली, वरच्या आळीतल्या एका म्हाताऱ्या बाईंची. जीप पुढे गेली, थांबली, मागे आली, आणि एक उंच काटकुळा माणूस उडी मारून उतरला. तो डायरेक्टर. पेटीभोवती फिरला, टाळ्या वाजवल्या आणि हसतच सुटला. त्या बाईंचा मुलगा पेटी न्यायला समोर उभा, आणि हा हसतोय! त्याच्याबरोबर मुंबईची एक मुलगी होती, फ्रेंच शिकलेली, त्याचं बोलणं आम्हाला सांगायला. तिला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पेटी गेल्यावर तिने समजावलं. "काका, ह्यांच्या सिनेमात माणसं दुसऱ्या ग्रहावर निघालीयत. प्रवास शेकडो वर्षांचा, म्हणून पेट्यांमध्ये झोपून जातात. बाकीच्यांच्या सिनेमात त्या पेट्या काचेच्या असतात, दिवे लागतात, धूर येतो. ह्यांना लाकडाच्याच हव्यात. अगदी अशाच."

"आणि पोचल्यावर?" ह्यांनी विचारलं.

"पोचल्यावर उठतात. आणि उठल्या उठल्या भांडण, निघताना गॅस कोणी बंद केला नाही त्यावरून."

हे हसले. तिथेच मी ओळखलं की काम घेणार.

"घंटा न वाजता?" मी आतून म्हटलं.

"अगं, ह्या झोपायच्या पेट्या. ह्यातून माणूस उठतो."

पथ्यातून त्यांनी वाटही काढली. झाकणाला बिजागऱ्या लावायच्या. आपल्या पेटीला त्या नसतात, खिळेच असतात. आणि माप सुतळीनेच घ्यायचं, कारण दुसरं काही हाताला बसत नव्हतं, पण गाठ मारायची नाही. खडूची खूण करायची आणि नंतर पुसून टाकायची. मग ते फ्रेंच नट एकेक करून आमच्या ओट्यावर चटई टाकून आडवे व्हायला लागले. हे मापं घेत, मी कोकम सरबत देत होते. पाचूबंदरची आमची मासळीवाली रोज ओट्यावर टोपली टेकायची, घोटभर पाणी प्यायची. त्या दिवशी पायरीवरच थबकली.

"बाय, ह्ये काय मांडलंस? जित्या मानसांची मापं? मना पानी पन नको तुझ्याकडचं."

आणि खरंच टोपली उचलून शेजारच्या ओट्यावर जाऊन बसली.

शेवटच्या पेटीच्या वेळी एका नटाचं पोट बिघडलं. त्याला बोलायचं काही नव्हतं, पेटीतून उठायचं आणि जांभई द्यायची, एवढंच. डायरेक्टरने ह्यांच्याकडे बोट केलं. तू कर, म्हणाला.

आता स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही. हे चटईवर झोपले, सुतळीचं एक टोक मी डोक्यापाशी धरलं, दुसरं त्यांनी पायाच्या बोटांत ताणून धरलं. मग उठून बसले. त्या मुलीशी गप्पा चाललेल्या, आणि गप्पा मारता मारता त्यांच्या बोटांनी गाठ मारली. सगळा जन्म ज्या हातांनी तेच केलं, ते हात. मी बघितलं. मग त्यांनीही बघितलं.

"सोडा ती," मी म्हटलं.

सोडायला गेले, तर सरबताच्या हातांनी सुतळी भिजलेली, गाठ आवळून बसलेली. "राहू दे गं. कापली तर माप जाईल," म्हणाले. पेटी झाल्यावर सुतळी आत टाकली. पायाशी.

त्या दिवसापासून माझं एकच. सिनेमा संपला की ती पेटी कुठेही जाऊ दे, आमच्या घरात येता कामा नये.

शूटिंगच्या दिवशी मी डबा घेऊन कामणला गेले. पत्र्याचं गोदाम, आत नुसती भट्टी. पेट्या ओळीने मांडलेल्या. ह्यांच्या अंगात चंदेरी कागदाचा डगला, केसांवर मैदा भुरभुरवलेला, शेकडो वर्षांची धूळ म्हणून.

"कसा दिसतो?"

"रव्यात घोळवलेल्या बोंबलासारखे."

हसत हसत आत जाऊन झोपले, आणि वरून झाकण लागलं. आतल्या माणसांना कधी उठायचं ते कळावं म्हणून एकजण कॅमेऱ्याला दिसणार नाही असा वाकून, प्रत्येक झाकणावर बोटाने वाजवत जायचा. टक टक. की झाकणं उघडायची, सगळे उठून बसायचे, जांभया द्यायचे, आणि गोदामभर हशा. मग पुन्हा पहिल्यापासून. कधी दिवा चुकला, कधी कुणी लवकर उठला. दर वेळी झाकण लागलं की माझा श्वास अडकायचा. टक टक झालं, हे उठले, की सुटायचा.

आणि एकदा टक टक झालं, बाकी सगळी झाकणं उघडली, ह्यांचं नाही.

नट जांभया देतायत, एकमेकांकडे बघतायत, आणि ते एक झाकण तसंच. डायरेक्टर हात वर करून उभा, कुणाला काही बोलू देईना. मी काय विचार केला, मला आठवत नाही. डबा हातात तसाच घेऊन मी त्या जहाजात धावत शिरले. मी पोचते ना पोचते तोच झाकण वर झालं. हे उठून बसले, डोळे चोळले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "झालं का गं?"

झोप लागली होती! रात्रभर पेट्या पूर्ण करत बसलेले, आत अंधार, डोळा लागला. डायरेक्टर तर आनंदाने नाचत होता. मी मात्र डबा ठेवला आणि बाहेर जाऊन उन्हात उभी राहिले, इतकी मला थंडी वाजत होती.

पुढे काय झालं सांगते. बाकीच्या पेट्या मोडून टाकल्या, आणि आमची तेवढी टेम्पोत घालून घरी पाठवली. काकांना भेट म्हणून! वर हौसेने चांदण्या रंगवलेल्या.

"जाळा ती," मी म्हटलं.

"चांगलं लाकूड कुणी जाळतं का? आंबे पिकवायला होईल."

झाली. ह्यांच्या सुतारकामाच्या कारखान्यात, कोपऱ्यात पेंढा घालून तिच्यात आंबे पिकायला लागले, केळी पिकायला लागली. सगळ्या आळीला त्यातले आंबे गोड लागायचे. मी एक खाल्ला नाही. उन्हाळ्यात लाकूड तडकतं ना, तसं भर दुपारी कारखान्यातून आवाज यायचा, टक. की मी हातातलं टाकून बघायला जायची, हे उभे आहेत का. रंधा मारता मारता वर बघून म्हणायचे, "आलीस? मोजून जा एकदा. आणि तुझ्या उंचीची पण करून ठेवतो, जोडीने ठेवू."

अशी वर्षं गेली. बरीच गेली, खोटं कशाला बोलू. पोरांची लग्नं झाली, नातवंडं झाली. त्या पेटीने काही केलं असं कुणी म्हणणार नाही. वय झालं होतं. मे महिन्यातल्या एका सकाळी कारखान्यात चहा घेऊन गेले तर भिंतीला टेकून बसलेले, मांडीवर रंधा, अंगावर भुसा. मी हाक मारली. पुन्हा मारली.

घंटा वाजली, आणि सुतळी खांद्यावर टाकून निघायला आमच्या घरात कुणी नव्हतं.

दीर म्हणाले, "वहिनी, पेटी आहे की घरात."

"ती नाही. बाजारातून आणा."

"दादाच्या हातची सोडून बाजारातली? त्यात दादाला घालू?"

मुलीने तोवर आंबे काढले, पेंढा काढला. तळाशी, पायाकडे, सुतळी होती. गाठ तशीच. त्यांना आत ठेवलं, आणि डोक्यापासून पायापर्यंत कुठे बोटभर कमी नाही की जास्त नाही. आंब्याचा वास येत होता.

दीर हातोडी घेऊन पुढे झाले, तेव्हा मी मध्ये आले. "खिळे मारायचे नाहीत."

"वहिनी, खांद्यावरून न्यायचीय!"

"बिजागऱ्या आहेत त्याला. वरून दोरी बांधा. खिळे नाहीत."

फादरांनी माझ्याकडे बघितलं, मग दिरांना म्हणाले, "दोरी चालेल." खड्ड्यात उतरवल्यावर ती दोरीही सोडून घेतली.

मग माती. आमच्याकडे प्रत्येकजण मूठभर टाकतो. मे महिन्याची कोरडी माती, ढेकळंच ती. पहिली मूठ पडली. टक. दुसरी. टक.

मी झाकणाकडे बघत उभी राहिले. लोकांना वाटलं, प्रार्थना करतेय. मुलीने कोपराने ढोसलं, "मम्मी, टाक ना." माझ्या मुठीतलं ढेकूळ मी चुरडत होते. पार पीठ केलं त्याचं आणि हात खाली नेऊन हळूच सोडलं. आवाज होऊ दिला नाही. मी वाजवलं असतं आणि हे उठले नसते, तर?

वर्षभराने ती मुंबईची मुलगी आली. आता तिचेही केस पिकायला लागलेले. हे गेल्याचं तिला कुणाकडून तरी कळलं होतं. सिनेमाची सीडी घेऊन आली. "काकी, तिकडे लोक सगळ्यात जास्त कुठे हसतात माहितीये? आपल्या काकांवर."

नातवंडांनी लगेच लावली. कुकरच्या झाकणांचं जहाज, ओळीने पेट्या. सगळी झाकणं उघडली, एक राहिलं. तीच ती वेळ, डायरेक्टरने तीच ठेवली होती. नातवंडं खदखदून हसतायत आणि माझा श्वास अडकलेला. मला त्या दिवशी ते झाकण किती तरी वेळ बंद वाटलं होतं. सिनेमात पटकन उघडतं. हे उठून बसतात, डोळे चोळतात आणि एका बाजूला बघतात. त्यांचे ओठ हलतात, वरून कुणा फ्रेंच माणसाचा आवाज घातलाय, काय म्हणतो देव जाणे. बघणाऱ्याला वाटतं, जहाजाच्या कॅप्टनकडे बघतायत. त्या बाजूला मी आहे, डबा हातात घेऊन. कॅमेऱ्यात आले नाही एवढंच.

नातवंडं अजूनही कधीतरी ती सीडी लावतात. मी भाजी निवडत असते, पण त्या जागेला मान वर होते. ह्यांचे ओठ हलतात. काय विचारतायत ते ह्या घरात मला एकटीला ठाऊक आहे.

"नाही हो," मी म्हणते. "झोपा अजून थोडं."