दोन जहाजांपैकी एक

बाबा पुलगावच्या सूतगिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोज पहाटे फाटकाशी जाऊन उभं राहायचं. कायम कामगार कोणी आला नाही, तर त्याच्या जागी आत घ्यायचे. सगळे आले, तर घरी परत. आम्ही चार भावंडं अंथरुणात पडल्या पडल्या वाट पाहायचो, आणि बाबा येऊ नयेत म्हणून पाहायचो. गल्लीत त्यांच्या चपलांचा आवाज आला की आई परातीत काढलेलं निम्मं पीठ पुन्हा डब्यात टाकायची. बाबा पाणी पिऊन भिंतीला टेकायचे, आणि त्या दिवशीचं जेवण किती, ते आम्हाला सगळ्यांना कळलेलं असायचं.

त्या घरात करमणूक म्हणून काही विकत येणं शक्य नव्हतं. वर्षातून एकदा, एप्रिलमध्ये जयंती आली की, वस्तीच्या मैदानात कव्वालीचा मुकाबला व्हायचा. एका बाजूला गायक, दुसऱ्या बाजूला गायिका. एकानं गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं. तो ऐकायला पैसे पडायचे नाहीत. आई ऊन उतरायच्या आधीच जाऊन आमची चटई अंथरून यायची. आणि सगळ्या वस्तीला एक गोष्ट पक्की माहीत होती: नाव असलेला माणूस आधी कधी गात नाही. आधी गावातली पोरं, मग सत्कार, मग भाषणं, मग पुन्हा पोरं. पत्रिकेवर ज्याचं नाव मोठ्या अक्षरात, तो सगळ्यांत शेवटी. लवकर गाणारा कच्चा, हा आमच्याकडचा नियम.

मी बी.ए. झाले. आमच्या घरात, आईकडून धरा की बाबांकडून, माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. परीक्षा दिली, पंचायत समितीत लागले, आज एका विभागाचं काम माझ्या सहीनं पुढं जातं. यात सांगण्यासारखं आहे म्हणून सांगते. लाजण्यासारखं काही नाही.

नवरा दहावी. हायवेवरच्या जाम गावच्या चौकात त्यांचं टायरचं दुकान आहे. दुकानात स्पीकरवर दिवसभर कव्वाली चालू असते, आणि चाक बदलून झालं तरी एखादा ट्रकवाला गाणं संपेपर्यंत चहा घेत थांबतो. आमचं दोघांचं पुष्कळ गोष्टींत पटत नाही. ऐकण्याच्या बाबतीत मात्र आमचं कधी भांडण झालेलं नाही.

आमच्या ऑफिसातल्या चार जोडप्यांचा एक गट आहे. मागच्या वर्षी आम्ही सगळे एका तलावाकाठच्या रिसॉर्टला गेलो. तिथं संध्याकाळी डीजे लागला. बाकीचे नाचायला उतरले, मलाही हात धरून ओढलं. नवरा कडेच्या खुर्चीत बसले. जो तो जाता जाता आपली पर्स, मोबाइल, चष्मा त्यांच्या मांडीवर ठेवत गेला. एक जण म्हणाला, "भाऊजी, तुम्ही म्हणजे आमचं लॉकर." सगळे हसले. तेही हसले. परतताना गाडीत मात्र खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "यापुढं तू एकटी जाजो. मी कुठंच येत नाई."

आणि खरंच ते कुठं आले नाहीत. वर्षभरात दोन लग्नं झाली, एक निरोपसमारंभ झाला. प्रत्येक ठिकाणी मी एकटी, आणि प्रत्येक ठिकाणी "मिस्टर नाही आले?"

म्हणून यंदा गटात जहाजाच्या सहलीचा विषय निघाला तेव्हा मी घरी लगेच बोलले नाही. आमच्या गटाच्या पुढारी मॅडम माझ्याच विभागात, समोरच्या टेबलावर बसतात. त्यांनी शुक्रवारी चारपर्यंत नक्की करा म्हणून सांगितलं होतं. सोमवारी जेवताना मी विचारलं.

"समुद्र?" नवरा म्हणाले. घास हातात तसाच राहिला. "मी आजलोक समुद्र नाई पाह्यला."

"मले माहीत हाय. म्हणून तं इचारते."

त्यांनी हातातला घास खाल्ला. मग म्हणाले, "येतो. पण तिथं मले बसून आयकता येईल असं काही पाह्यजे. पुन्हा जर कोपऱ्यातच बसाचं असन, तं मंग मी माह्या दुकानात बरा. आन एकदा जहाजात चढलो का मंग वापस येता येत नाई, थे ध्यानात ठेव."

हे शेवटचं त्यांनी हसत म्हटलं, पण मला हसू आलं नाही. ही निवड चुकली, तर हा माणूस आयुष्यात पुन्हा माझ्याबरोबर घराबाहेर पडणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मुंबईहून निघणाऱ्या दोन कंपन्यांची माहिती मी काढली. पहिलीचं जहाज प्रचंड. त्यात पोहण्याचे तलाव, घसरगुंड्या, जुगाराचं दालन, आणि रात्री साडेअकराला 'भव्य संगीत सोहळा'. हेच मॅडमनी गटासाठी धरलं होतं. दुसरीचं जहाज लहान, जुनं. जाहिरातीत सगळी पन्नाशीची जोडपी. पत्ते, कॅरम, स्वयंपाकाचे वर्ग, वाचनाची खोली, आणि संध्याकाळी साडेसहाला 'गझल आणि कव्वाली, दोन कलाकार'.

आम्ही दोघं पंख्याखाली बसून मोबाइलवर हे वाचलं.

"साडेसहाले?" नवरा म्हणाले. "साडेसहाले कोण गाते? तवा तं मंडपवाला खुर्च्या मांडून राह्यते."

मलाही तसंच वाटलं. "नवशिके असतीन. जेवाच्या आधी लोकायले थोडं गुंतवून ठेवाले."

"आन हे साडेअकराचं पाह्य. हा असन खरा पोग्राम. उशिरा ठेवला म्हंजे मोठा माणूस हाय."

"संगीत सोहळा लिवलं हाय."

"मंग झालं तं."

जन्मभर ज्या नियमानं चाललो, त्याच नियमानं आम्ही दोघांनी मिळून, एकमतानं, मोठं जहाज पसंत केलं. दुसऱ्या दिवशी मी मॅडमना होकार दिला.

बुधवारी डबा खाताना मॅडमनी जोडप्यांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. त्यांचा पुतण्या त्याच जहाजानं जाऊन आला होता. त्यात साडेअकराचा सोहळा होता. निळे-जांभळे दिवे, वरून पडणारा फेस, त्यात कमरेएवढी बुडालेली आणि हात वर करून उड्या मारणारी माणसं. मी तो दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मी फक्त खुर्ची शोधत होते. एकही नव्हती.

त्या ग्रुपवर नवराही आहेत. मी त्यांना वेगळं लिहून विचारलं, "पाह्यला का?" त्याखाली वाचल्याची निळी खूण आली. ते बोटांनी फार हळू टाइप करतात, तरी मी दुपारभर मोबाइल उलटसुलट करत राहिले. उत्तर आलं नाही.

घरी गेले तर ते लवकर आलेले. भाजी चिरत बसले होते.

"पाह्यलं मी," ते म्हणाले.

"मी बदलवते."

"काही बदलवू नको. तू जाजो."

"असं कसं जाजो?"

"चार जोडप्यायचं ठरलं हाय. आता तू फिरशीन तं थे बाई तुले ऑफिसात सुखानं बसू देईन का? रोज तिचंच तोंड पाहा लागते तुले. माह्यासाठी वाकडं काऊन घेतं?"

"आन मी तिथं एकटी काय करू? तुमच्या जागी पर्सा सांभाळू?"

ते पुन्हा भाजी चिरायला लागले. मला राग आला होता. तो पुढारी मॅडमवर नव्हता, जहाजावरही नव्हता. घरी राहायला हा माणूस इतक्या पटकन तयार होतो, जणू कोपऱ्यातली ती खुर्ची त्याच्या नावावर लिहूनच दिलेली आहे, याचा तो राग होता. मी म्हटलं, "तुमी नाई तं मी बी नाई. पण आदी मी त्या दुसऱ्या जहाजाचं इचारते."

"साडेसहाचे कच्चे गवय्ये?"

"कच्चे असो का पक्के. बसाले खुर्ची तं असन."

मॅडमनी गटाच्या खोल्या ज्यांच्याकडे धरल्या होत्या, त्या नागपूरच्या एजंटबाईंना शुक्रवारी सकाळी फोन लावला. लाजत विचारायची मला सवय नाही. सरळ विचारलं, "मोठ्या जहाजावर बसून ऐकायचं काही आहे का?"

"बसून असं नाही मॅडम. तिथं सगळं एन्जॉय करण्यासारखं असतं."

"आणि लहान जहाजावर साडेसहाला गातात, ते कोण? शिकाऊ का?"

"शिकाऊ कशाला? मुख्य कार्यक्रमच तो आहे."

"मुख्य कार्यक्रम साडेसहाला?"

"जेवण साडेआठला असतं ना. त्याआधी दोन तास गाणं. जेवणानंतर तिथं काहीच नसतं, मंडळी झोपतात. म्हणून तर त्या वयाचे लोक ते जहाज घेतात."

मी कपाळाला हात लावला. मग विचारलं, आमची नावं तिकडे टाकता येतील का. त्या म्हणाल्या, लहान जहाजावर एकच खोली उरली आहे, ती चारपर्यंत धरून ठेवते. पण मोठ्या जहाजावरचा तुमचा गट चार खोल्यांचा आहे. तुम्ही निघालात तर बाकीच्यांची सवलत जाईल. आधी त्यांच्याशी बोला.

म्हणजे समोरच्या टेबलाशी जाणं आलं. दुपारी विभागात माणसं कमी झाल्यावर गेले.

मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून ठेवला. "तुमच्या मिस्टरांना आम्ही नाचवू हो. मी स्वतः ओढून नेईन."

"त्यांना नाचायचं नाही, मॅडम."

"मग जहाजावर जायचं कशाला? कव्वालीच ऐकायची तर तुमच्या वस्तीत होते ना दर वर्षी. फुकट."

'तुमच्या वस्तीत' हे शब्द त्यांनी सावकाश उच्चारले. मागच्या टेबलावरचा क्लार्क फाइलमध्ये जास्तच वाकला. माझे कान तापले. मी म्हटलं, "होते. आणि चांगली होते. तिथंच कान तयार झाले आमचे, म्हणून तर निवडून ऐकतो. तुमचं नुकसान व्हायला नको. पुतण्याला ते जहाज आवडलं म्हणाला होतात, त्याला आणि त्याच्या बायकोला आमच्या जागी विचारा."

"असं ऐन वेळी कोणी येतं का?"

"विचारून पाहा. चारपर्यंत वेळ आहे."

त्या मोबाइल घेऊन व्हरांड्यात गेल्या. मी टेबलावर परत येऊन एकच टिपण पुन्हा पुन्हा वाचत बसले. तीन वाजून गेले. मॅडम आत आल्या, पाणी प्यायल्या, माझ्याकडे न पाहता पुन्हा बाहेर गेल्या. नवऱ्याचा फोन आला, तो मी उचलला नाही. सांगण्यासारखं काही नव्हतं. चारला थोडा अवकाश असताना त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"येतो म्हणाला. पण हे तुम्ही बरं नाही केलं, मॅडम."

"बरं नसेल. पण मला हेच करायचं होतं."

एजंटबाईंचा फोन व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. तिसऱ्यांदा लागला. खोली अजून होती.

जहाजावर पहिल्या संध्याकाळी मी सहालाच तयार झाले. नवरा खोलीतल्या गोल खिडकीशी उभे. दुपारपासून ते पाण्याकडेच पाहत होते.

"चला."

"अवं थांब ना. साडेसहा म्हणतीन, सुरू व्हाले साडेसात होते. मंग तोवर पोरं गातीन."

"इथं पोरं नाईत. चला म्हणते."

दालनात पोचलो तर ते जवळपास भरलेलं. सगळी आमच्या वयाची माणसं, सगळी बसलेली. पुढून तिसऱ्या रांगेत कडेला दोन खुर्च्या मिळाल्या. बरोबर साडेसहाला एक बाई आणि एक बुवा येऊन बसले; पेटी, तबला, ढोलक. नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. इतक्या वेळेवर सुरू होणाऱ्या गाण्यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

पहिली गझल संथ होती, आणि मला तर ती बेतासबात वाटली. नवऱ्यानं हाताची घडी घातली. मी मंचाकडे पाहतच नव्हते, त्यांच्या हातांकडे पाहत होते. दुसरीही तशीच गेली. टाळ्या पडल्या, त्यांची घडी सुटली नाही. हे फसलं, तर ऑफिसात तोंड दाखवायचं ते वेगळंच. पण पुढचे दिवस एका लहान खोलीत, चहूकडे पाणी, आणि शेजारी हा गप्प माणूस.

तिसऱ्या गाण्याला बुवांनी ढोलकवाल्याला खूण केली आणि बाईंना सवाल टाकला. बाईंनी तो लगेच घेतला नाही. पदर नीट केला, एक आवर्तन जाऊ दिलं आणि मग असं उत्तर दिलं की बुवाच हसले. नवरा खुर्चीत पुढे सरकले. घडी सुटली होती. उजवा हात मांडीवर ठेका धरत होता. माझ्याकडे न पाहता ते हळूच म्हणाले, "बाई पक्की हाय."

"हो."

"पेटीवाला बी."

मध्यंतरात ते स्वतः उठून मंचापाशी गेले. बुवांशी काय बोलले, ते मला ऐकू आलं नाही. बुवांनी मान डोलवली आणि पुढची कव्वाली सांगितली, ती जामच्या दुकानात रोज वाजते तीच होती. शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी मला विचारलं, "तुमचे मिस्टर गातात का?"

"नाही," मी म्हटलं. "ऐकतात."

त्या सहलीत जेवढे कार्यक्रम झाले, तेवढे आम्ही दोघांनी शेजारी बसून, पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकले. जहाज निवडायचं काम माझं होतं, आणि ते मी नीट केलं.