लाल जमीन घोटणारे अण्णा

मल्लेश्वरमच्या घरांतल्या लाल गुळगुळीत जमिनींचं कौतुक करणाऱ्यांनी आमच्या शेजारच्या अण्णांचा उजवा गुडघा एकदा पाहावा. अण्णा त्या जमिनी घोटायचे. वर्षानुवर्षं गुडघे टेकून गुडघ्याची वाटी मोसंबीएवढी फुगली होती. डॉक्टरांनी त्यातलं पाणी काढलं, पट्टा बांधला आणि महिनाभर गुडघा टेकायचा नाही असं बजावलं. तेव्हापासून ते कामावर बुटका पाट नेत, त्यावर बसत आणि एक पाय लांब सोडून घोटत. जिना चढताना कण्हत, पण "दुखतं का?" विचारलं, की कानडीत उत्तर ठरलेलं, "स्वल्प." म्हणजे थोडंसं.

या "स्वल्प"चीच मला चीड आली. कामगारांसाठी पत्रकं लिहायचो मी. त्यांचं नाव न घालता सगळं छापलं, पाटासकट. कंत्राटदारानं गुडघ्यांना गाद्या द्याव्यात, अशी मागणी केली.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या कामावर गेलो, तर कंत्राटदार पत्रक घेऊन उभा.

"यातला लंगडा कोण रे? मला धडधाकट माणसं हवीत!"

अण्णांनी पाट बाजूला सारला, दोन्ही गुडघे जमिनीवर टेकले आणि घोटू लागले.

"लिहिणाऱ्यांचं काय घेऊन बसलात, साहेब? आमचे गुडघे ठणठणीत आहेत."

कंत्राटदार अर्धा तास उभा होता. अण्णांचा हात थांबला नाही. कंत्राटदार गेल्यावर त्यांनी मला धाकट्या भावाला मारावी तशी हाक मारली.

"तम्मा, पुढच्या वेळी लिहिण्याआधी मला विचार. आता हात दे, मला उठवत नाही."