पूल कुठपर्यंत आला?

प्रगती अहवालात जे लिहिता येत नाही, त्याचे किस्से होतात. नव्वदच्या दशकात आम्ही कुरखेड्याकडे नदीवर पूल बांधत होतो. काम ठरल्या वेळेत आणि खर्चात चाललंय का, हे बघून वर कळवणं माझ्याकडे होतं. साहजिकच किस्से माझ्याकडेच साठले.

*

हेड ऑफिसनं कॉम्प्युटर पाठवला. तो आम्हाला दर आठवड्याला मागे दाखवायचा. त्याच्या हिशेबी सुट्टी रविवारी, आमचे मजूर सुट्टी घेत बाजाराच्या दिवशी. रविवारचं काम तो धरायचाच नाही. मी त्यातली सुट्टी बदलली आणि पूल बसल्या जागी पुढे सरकला!

*

पहिल्या चैत्रात साइट ओस पडली. सगळे मोहफुलं वेचायला जंगलात. दुसऱ्या वर्षी आमच्या इंजिनिअर बोरकर साहेबांनी वेळापत्रकातच ते दिवस मोकळे सोडले. नागपूरच्या हेड ऑफिसातून फोन आला, ही कुठली सुट्टी?

साहेब म्हणाले, "इथली."

*

फोनही असा, की ओरडावं लागे. मी चंद्रपूरला कळवलं, "पाया झाला." पलीकडे ऐकू गेलं, "वाया गेला." संध्याकाळी चंद्रपूरहून मोठे साहेब जीप घेऊन हजर. पाया धडधाकट बघून ते इतके सुखावले, की अडलेल्या सगळ्या मंजुऱ्या तिथंच देऊन गेले.

त्यानंतर मंजुरी अडली, की ओव्हरसियर मला हळूच विचारायचा, "भाऊ, फोन लावता का?"

*

पलीकडच्या गावचे मासेमारी करणारे सोमाभाऊ एकदा ऑफिसात आले. भिंतीवरचा वेळापत्रकाचा तक्ता बघत त्यांनी पूल कधी होणार ते विचारलं. मी वाचून सांगितलं, वैशाखात. ते गेले.

पुढे सिमेंट वेळेवर आलं नाही आणि काम रखडलं. तेवढ्यात सोमाभाऊ पत्रिका घेऊन आले. धाकटीचं लग्न वैशाखातच, आणि खाली छापलेलं, 'वरात नव्या पुलावरून येईल.'

बोरकर साहेबांचा चेहरा उतरला. पूल मागे पडलाय, हे त्यांनी कसंबसं सांगितलं.

"थोरलीच्या लग्नात वाजंत्री डोंग्यातून नदीत पडले जी," सोमाभाऊ म्हणाले. "आता माह्यं सोयऱ्यांत हसू नका करू."

साहेबांनी पत्रिका तक्त्यावर टाचली. सिमेंटसाठी स्वतः चंद्रपूर गाठलं. मजुरांनी कोणी न सांगता बाजाराची सुट्टी सोडली. वरात आली तेव्हा कठड्याचा रंग ओला होता आणि नवरदेवाच्या कोपराला पिवळा पट्टा लागला.

पुढच्या वर्षी आमचं जिवतीच्या रस्त्याचं काम मागे पडलं. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून दार लावलं.

"त्या गावात कोणाची मुलगी लग्नाची आहे का, जरा चौकशी कर."