कोपऱ्यातला नंबर

सातपूरच्या त्या कारखान्यात हजेरीसाठी बोटाचा ठसा घेणारं मशीन बसलं आणि ग्राइंडिंगवाल्यांची झिजलेली बोटं त्याला ओळखूच येईनात. वर दोष कुणाचा? कामगाराचा! मी संतापून आमच्या संघटनेतर्फे कामगारांचा सर्व्हे केला. फॉर्मवर नाव लिहू नका, हे बजावून सांगितलं.

मॅनेजर म्हणाला, "तुमची टक्केवारी नको. मूळ फॉर्म दाखवा."

त्याच्या केबिनमध्ये मी पिशवी उघडली. वरच्याच फॉर्मच्या कोपऱ्यात एक नंबर होता. मोजणी करताना मला असे नंबर म्हणजे आमच्यातल्याच कुणीतरी टाकलेले अनुक्रमांक वाटले होते. आता तोच नंबर शेजारी बसलेल्या कामगार ताईंच्या बिल्ल्यावर दिसला. प्रत्येक फॉर्मवर कामगाराचा टोकन नंबर, आणि खाली सुपरवायझरबद्दल बेधडक तक्रारी.

"फॉर्म घरीच राहिले," मी म्हणालो.

मॅनेजर हसला. "की आकडे घरीच बनवले?"

मी पिशवी बंद करून उठलो.

बाहेर येताच ताई कडाडल्या, "पिशवीत होते ना? लाज काढली आमची, दादा!"

मी कोपरा दाखवला.

"मग? नंबराशिवाय इथं रजेचा अर्जसुद्धा कुणी घेत नाही," म्हणता म्हणता त्यांचा चेहरा उतरला. "अहो, गेटवर पिशव्या तपासतात."

सायकल स्टँडमागे आम्ही एकेक कोपरा फाडला. तुकडे त्यांनी जेवणाच्या डब्यात कोंबले.

वॉचमनने माझी पिशवी पालथी केली. डब्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. ताई मात्र तो हातात झुलवत बाहेर पडल्या.