मासोलवर एकच घिरटी

"मला आकाशाचं कौतुक नाही, मला फक्त खाली राहायचं नव्हतं," असं कॅप्टन लोकितारे एकदा म्हणाला होता. कितालेच्या धावपट्टीशेजारच्या खानावळीत तो मक्याच्या उगालीचा गोळा बोटांनी दाबत बसला होता, आणि कुणीतरी विचारलं होतं की विमान चालवताना कसं वाटतं. ऐकणारे हसले. तो हसला नाही.

खाली म्हणजे मासोलचं मैदान. तिथली जमीन विटेसारखी भाजलेली, आणि काटेरी झुडपांखाली शेणाच्या गोवऱ्यांइतकीच काडतुसांची टरफलं पडलेली. गुरं पाळणाऱ्या पोकोट जमातीतला पोरगा पाय फुटले की गुरांमागे जातो आणि खांदा रुंद झाला की बंदूक घेतो. लोकितारेचा बाप बंदुकीनेच गेला. पोटात गोळी घेऊन झाडाला टेकून बसला होता, आणि जीव जाईपर्यंत पळवून नेलेल्या बैलांना नावाने हाका मारत होता. थोरल्याला विमान शिकवण्यासाठी अर्धा कळप विकायचा, हे त्यानेच आदल्या वर्षी ठरवलं होतं. धाकटा पुसिया उरलेल्या गायींपाशी राहिला. वाटणी अशी झाली: एकाला वरचं, एकाला खालचं.

लोकितारे सहा आसनांचं लहान विमान चालवी. लशींची खोकी, पाद्री, सर्वेक्षणवाले, कधी ताडपत्रीत गुंडाळलेलं प्रेत. आता चाळिशी उलटली होती, आणि आखातातल्या एका मोठ्या विमान कंपनीने त्याला बोलावलं होतं. मोठं विमान, राहायला घर, मुलीची शाळा. होकार रविवार संध्याकाळपर्यंत कळवायचा होता.

त्याने तिकडे असलेल्या ओगुतुला फोन केला. दोघं एकाच शाळेत उडायला शिकले होते.

"इथे कुणी मरत नाही रे," ओगुतु म्हणाला. "मेलं तरी दिसत नाही. बसच्या थांब्यालासुद्धा थंड हवा सोडतात."

"मग तुझा आवाज असा का?"

"पोराने परवा विचारलं, बाबा, आपण इथले कोण? म्हटलं, भाडेकरू. नोकरी सुटली की महिन्यात चंबूगबाळं उचलायचं. कुत्रं पाळू नकोस, झाड लावू नकोस. बाकी मजा आहे. आणि तू तसाही माणूसघाणा, तुला इथे काय कमी पडणार?"

त्याच्या बायकोला, चेपोसेराला, असले प्रश्न पडत नव्हते. ती कितालेच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. "चेरोपचे बाबा," ती म्हणाली, "माणसांच्या अंगातून काढलेल्या गोळ्या आम्ही एका डब्यात टाकतो. तो डबा हलवला की वाजायचा. आता वाजत नाही, इतका भरलाय. तुम्हाला अजून कुणाला काय विचारायचंय?"

तो म्हणाला, गुरुवारी नैरोबीत कंपनीची वैद्यकीय तपासणी आहे, ती होऊ दे. तिने त्यातून होकार ऐकला आणि सामान भरायला पेट्या उतरवल्या.

बुधवारी पुसिया आला. सदऱ्याची पुढची बाजू वाळलेल्या रक्ताने पुठ्ठ्यासारखी कडक झाली होती. ते रक्त त्याचं नव्हतं, त्याच्या बायकोचं होतं. पहाटे गोठ्यावर धाड पडली. ती वासरू सोडायला वाकली होती, तशीच वाकलेली राहिली. कळप गेला.

चेपोसेराने त्याच्यापुढे दूध ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"दादा, तू उद्या मासोलवरून जाणार आहेस. लशी घेऊन."

"जाणार आहे."

"नुसतं खाली बघायचं. गुरं कुठे आहेत तेवढं सांगायचं. बाकीचं आमचं आम्ही बघतो."

"बाकीचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे."

"ठाऊक असायलाच हवं. तुला पंख फुटले ते कुठल्या गायींचे, तेही ठाऊक असेल."

चेपोसेरा दारातून म्हणाली, "भावजी, तुमचं दुःख माझ्या डोक्यावर. पण यांना यात ओढू नका. हे निघालेत इथून."

पुसिया तिच्याकडे वळलाच नाही. "तिकडे अरबांना नेऊन सोडशील रोज, वहिनी सांगतात तसं. जा. त्याआधी एकदा आपल्या घराकडे बघून जा. एकदाच म्हणतोय." मग त्याने भिंतीवर मूठ मारली, सावकाश, चार-पाच वेळा, बोटांची सालं निघेपर्यंत. चुन्यावर डाग उठले. लोकितारे ते डाग बघत राहिला आणि म्हणाला, "एकदाच."

त्या रात्री चेपोसेरा त्याला पहिल्यांदा 'तू' म्हणाली. "तू त्यांना माणसं दाखवणार आहेस. गुरं म्हणतोस, पण माणसं दाखवणार आहेस." तिने हातातली थाळी जमिनीवर आपटली आणि चेरोप जागी होऊन रडायला लागली.

गुरुवारी सकाळी मासोलवर धुरळा होता. कोरड्या नदीच्या वळणाशी त्याला कळप दिसला. दोनशेच्या आसपास गुरं, दाटीने हाकलेली, दोन्ही बाजूंना बंदूकवाले. मागे थोडं अंतर राखून बारीक ठिपके. शेळ्या, असं त्याच्या मनाने परस्पर ठरवलं. पळवलेल्या कळपामागे वासरं नसतात. पळवणारे ती वाटेतच टाकून देतात, कारण वासरू पायात येतं. हे त्याला पोरवयापासून माहीत होतं. आणखी खाली उतरलं असतं तर ठिपक्यांचे पाय दिसले असते, शेळ्या की वासरं ते कळलं असतं. पण खालून गोळी येते, आणि नैरोबीला दुपारच्या आत पोचायचं होतं. त्याने एकच घिरटी घातली.

मासोलच्या टोकाला असलेल्या मिशनच्या धावपट्टीवर लशी उतरवून त्याने फोन लावला. "नदीच्या वळणाशी. बंदूकवाले दोन्हीकडे. पूर्वेला चाललेत."

"बास," पुसिया म्हणाला.

नैरोबीत कंपनीच्या डॉक्टरने त्याला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं, अक्षरं लहान लहान करत नेली आणि शेवटी दिवा लावला. "नजर उत्तम आहे, कॅप्टन," डॉक्टर म्हणाला. "या वयात अशी क्वचित दिसते."

शुक्रवारी तो कितालेला परतला तेव्हा निरोप आला होता: मिशनच्या धावपट्टीवर जखमी पडलेत, आसनं काढून जा. त्याला वाटलं, पुसियाची माणसं असणार. उतरता उतरता त्याने भावाचं तोंड शोधलं.

पुसिया उभा होता. धडधाकट. जखमी जमिनीवर ओळीने होते आणि त्यांच्या डोक्यांवर ताजी तांबडी माती थापलेली होती, त्यात शहामृगाची पिसं. लग्नाला निघालेल्या माणसांची डोकी. एका पोराचा खालचा जबडा नव्हता. पीस तेवढं जागच्या जागी होतं. दुसऱ्याच्या मांडीतून हाड बाहेर आलं होतं आणि तो त्याकडे दुसऱ्याच कुणाचं असल्यासारखा बघत होता. माश्यांचा आवाज इंजिन बंद झाल्यावर ऐकू आला.

वधूपक्षाला द्यायची गुरं होती ती, वासरांसकट. धाडींच्या भीतीने कोणत्या दिवशी निघायचं हे हल्ली कुणी कुणाला सांगत नाही, आणि बंदुका घेतल्याशिवाय निघत नाही. पहाटे नदीच्या कोरड्या पात्रात शेकोटीभोवती निजलेल्यांवर पुसियाच्या लोकांनी काठावरून गोळ्या झाडल्या. गोळ्या संपत आल्यावर कुणीतरी खालून शिव्या द्यायला लागलं, आणि वरच्या एकाला तो आपल्या चुलत्याचा आवाज वाटला. तो चुलताच होता.

ओळीत शेवटी लोकितारेचा मामा होता. मुलाच्या लग्नाची गुरं घेऊन तोच निघाला होता. दोन्ही हातांनी त्याने पोट धरून ठेवलं होतं, बाजारातून आणलेलं काही सांडू नये तसं. लोकितारेने त्याला उचलून आपल्या मागेच निजवलं.

विमान वर गेल्यावर मामा बोलला. "काल फिरला होतास तू, नदीवर."

"हो, मामा."

"मी पोरांना म्हटलं, हात करा रे, आपला लोकितारे आहे. सगळ्यांनी केले. तुला दिसले का?"

लोकितारेने मागे हात केला. मामाने तो धरला. कितालेच्या टेकड्या दिसायला लागल्या तेव्हा हातातली पकड सुटली होती. पण त्याने हात काढून घेतला नाही, उतरेपर्यंत एकाच हाताने विमान चालवलं.

चेपोसेराने दवाखान्याच्या दारात प्रेत उतरवून घेतलं. नवऱ्याला ती एवढंच म्हणाली, "पेट्या भरल्यात."

रविवारी मासोलमध्ये झाडाखाली पंचायत बसली. रक्ताला रक्त लागण्याआधी मिटवायचं म्हणून घाईने बसली. दोन्ही घराण्यांची माणसं वर्तुळात, मध्ये पंचांतल्या सर्वांत वडील, म्हाताऱ्या क्रोपची काठी रोवलेली. ती काठी उभी असेपर्यंत वर्तुळाच्या मधून कुणी चालत नाही. उठायचं तर पाठीमागून उठायचं. ज्यांनी मारलं त्यांच्या घराण्याने आपली सगळी गुरं मेलेल्यांच्या घरी हाकायची, असं ठरलं. पुसियाने मान हलवली. त्याच्याकडे तशीही उरली नव्हती.

लोकितारे वाट बघत होता. त्याला वाटलं होतं, आता त्याचं नाव घेतील. त्याच्या तोंडावर थुंकतील, चाबकाने फोडतील, हाकलतील. खरं तर तो त्याचसाठी आला होता. एकदा हाकललं की विमानात बसायला कुणाची परवानगी लागत नाही.

क्रोपने त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात माया होती.

"पोरा, तुझ्यावर दोष नाही. तू बघितलंस ते सांगितलंस. उंचावरून बघितलंस, एवढंच चुकलं. पुढच्या वेळी खाली ये."

मामाचा थोरला मुलगा, ज्याचं लग्न व्हायचं होतं तो, समोर बसला होता. त्याचा दंड बांधलेला होता. तो म्हणाला, "आमचीही गुरं जातात, दादा. आम्हालाही सांगत जा. आता काय, एकच घर झालं आपलं."

"म्हणतात, तू अरबांच्या देशात चाललास," क्रोप म्हणाला.

"कुठला जातोय," पुसिया म्हणाला. पट्टी बांधलेली मूठ त्याने भावाच्या गुडघ्यावर ठेवली. "मी सांगितलंय सगळ्यांना. दादा इथेच राहणार. त्याच्याशिवाय वरून बघायला आपलं आहे कोण?"

माणसं हसली. चार दिवसांत पहिल्यांदा. कुणीतरी राख घातलेल्या आंबट दुधाने भरलेला पोकळ भोपळा पुढे सरकवला, आणि क्रोपने खुणेनेच सांगितलं की पहिला घोट कॅप्टनने घ्यायचा.

लोकितारेने गुडघ्यावरची मूठ उचलून बाजूला ठेवली. तो उभा राहिला, भोपळा ओलांडला, आणि वर्तुळाच्या मधून, काठीला धक्का देऊन, धावपट्टीच्या दिशेने चालत गेला.