थांबाकाका आणि गोदामाचं वळण

आमच्या रस्त्याला गोदामाची भिंत जिथे पार फुटपाथ गिळून बसली आहे, तिथे आंधळं वळण आहे, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला एक सलून. चार पायऱ्या चढून जावं लागतं. सलूनवाल्यांना सगळे थांबाकाका म्हणतात. खरं नाव दुकानाच्या पाटीवर आहे, पण गाड्यांच्या धुराने पाटी इतकी काळवंडली आहे की ते आता फक्त त्यांच्या बायकोला माहीत असावं.

नाव पडलं ते एका अर्ध्या दाढीमुळे. तोंडाला फेस फासलेलं एक गिऱ्हाईक मोबाइल कानाला लावून भांडत भांडत पायऱ्या उतरलं आणि थेट रस्त्यात शिरलं. काकांनी समोरच्या आरशात पाहिलं तर वळणावरून ट्रक येतोय. "थांबा!" अशी काही आरोळी ठोकली म्हणता, की गिऱ्हाईक जागच्या जागी खिळलं आणि ट्रक त्याच्या नाकासमोरून गेला. काकांनी त्याला हाताला धरून आत आणलं, खुर्चीत बसवलं आणि आधी उरलेला गाल पुरा केला. "असा मेला असतास, तर नाव कोणाचं खराब झालं असतं? दुकानाचं!" हे वर ऐकवलं.

तेव्हापासून सवयच लागली. त्या जागेची गंमत अशी आहे की समोरून येणाऱ्याला गोदामाची भिंत आडवी येते, आमच्या बाजूने जाणाऱ्याला उभे केलेले टेम्पो. कोणालाच काही दिसत नाही. दिसतं फक्त काकांना, कारण दुकान उंचावर आणि दाढी करताना त्यांचं तोंड कायम आरशाकडे. मानेमागचे केस दाखवायचा जो छोटा आरसा असतो, तो त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला तिरका टांगला. मोठ्या आरशात रस्त्याचं एक टोक, छोट्यात दुसरं. मग दिवसभर चालू: "निळी छत्री, जा! पिशवीवाले, थांबा! अहो वहिनी, बटाटे नंतर उचला, आधी स्वतःला उचला!" ओरडायच्या आधी वस्तरा गालावरून वर घ्यायचा, हा त्यांचा नियम. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, आता हा माणूस आपला गळा कापतो.

माझं दुकान त्यांच्या शेजारी. मी बॅगा दुरुस्त करते. चेन, चाकं, पट्टे, जे तुटेल ते. त्यामुळे हे सगळं मी भिंतीपलीकडून रोज ऐकलेलं आहे. थांबाकाका म्हणजे साधेभोळे परोपकारी गृहस्थ, असा कोणाचा समज होत असेल तर तो आधी काढून टाका. माणूस महा गर्विष्ठ. आवाजाचा भारी अभिमान. त्यांचं ऐकलं नाही आणि तरीही सुखरूप पोचला, अशा माणसाशी ते महिनाभर बोलायचे नाहीत. मला 'पुढारीणबाई' म्हणायचे. पाण्याच्या लाइनीपासून उघड्या गटारापर्यंत मी ज्याच्या त्याच्याशी भांडत असते, म्हणून.

मग काकांच्या दुकानातले बल्ब बिघडायला लागले.

"हल्ली बल्बच निकृष्ट येतात," ते म्हणायचे. एक बदलला, दुसरा बदलला, तिसरा आणला तो अजून मोठा. शेवटी काकू डबा घेऊन आल्या तेव्हा माझ्या दुकानात डोकावून म्हणाल्या, "बल्ब नाही हो गेले, डोळे गेलेत. काल घरी माझ्याऐवजी खुंटीवरच्या कोटाला चहा मागत होते."

डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू. उजवा तर पिकलाय, ऑपरेशन लवकर करा, उशीर केलात तर पुढे मला बोलू नका. त्यानंतर काही आठवडे वाकायचं नाही, धूळ नाही, केस नाहीत. म्हणजे दुकान बंद.

"दुकान बंद केलं तर इथे कोण बघणार?" काका म्हणाले.

"घाबरतात ऑपरेशनला, आणि नाव रस्त्याचं," काकू म्हणाल्या. त्यात तथ्य होतंच. पण रस्त्याचं कारण खोटं होतं असंही मी म्हणणार नाही.

मी म्हटलं, "काका, इथे गतिरोधक आणि झेब्रा पट्टे मी आणते. तुम्ही ऑपरेशनची तारीख घ्या."

"आधी पट्टे. मग तारीख."

"शब्द?"

"शब्द."

मला वाटलं, चार पांढरे पट्टे आणि डांबराचा एक उंचवटा. असं काय मोठं मागतेय मी?

रस्ते विभागातल्या साहेबांनी मला बसायला सांगितलं, इथेच मी सावध व्हायला हवं होतं. हे लोक काम करायचं असेल तेव्हा उभ्या उभ्या हाकलतात, करायचं नसेल तेव्हा खुर्ची देतात.

"त्या वळणावर अपघात किती झालेत मॅडम?"

"एकही नाही."

"मग?"

"मग काय? होत नाहीत, कारण एक म्हातारा दिवसभर घसा फाडून ओरडतो म्हणून!"

"अरे वा," साहेब म्हणाले. "लोकसहभाग. छान आहे की."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, साहेब, त्या माणसाला दिसत नाही आता. साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितलं की गतिरोधक अपघातप्रवण ठिकाणीच देता येतो. अपघातप्रवण म्हणजे जिथे अपघात झाले आहेत ते. नसतील झाले, तर ठिकाण सुरक्षित. सुरक्षित ठिकाणी गतिरोधक घातला तर उद्या त्यांना जाब विचारतील. मी विचारलं, माणूस मेल्याशिवाय तुमच्याकडे रंगाचा डबा उघडत नाही का? ते म्हणाले, "तसं नाही, गंभीर जखमी असले तरी चालतं."

चालतं! हे मी मनाचं सांगत नाही. हाच शब्द.

मी उठले नाही. जेवायच्या सुट्टीतही बसून राहिले, शिपायाने पंखा बंद केला तरी बसून राहिले. शेवटी कंटाळून साहेब पाहणीला यायला कबूल झाले.

पाहणीच्या सकाळी मी काकांना बजावलं, "आज तोंडातून चकार शब्द नको. साहेबांना बघू द्या, तुमच्याशिवाय इथे काय होतं ते."

"आणि कोणी आलं गाडीखाली तर?"

"मी रस्त्याच्या कडेला उभी आहे ना. हात धरून ओढीन. पण तुम्ही गप्प."

काका कुरकुरत कबूल झाले. खुर्चीत गिऱ्हाईक नव्हतं तरी कात्री हातात घेऊन उभे राहिले, मुठीत काही धरल्याशिवाय गप्प बसवेना म्हणून. साहेब आले, गाडीतून उतरले, टेम्पोच्या सावलीत उभे राहिले. बसथांब्यावर बस लागली, लोक उतरले, समोरच्या कडेला येऊन उभे राहिले.

आणि उभेच राहिले.

कोणी पाऊलच टाकेना. गाड्या येतायत, जातायत, मध्येच रस्ता मोकळाही होतोय, आणि सगळा घोळका माना वर करून सलूनकडे बघतोय. वर्षानुवर्षांची सवय! आवाज आल्याशिवाय निघायचं नाही. आमच्या बाजूलाही तेच. एक आजी, दोन कॉलेजच्या पोरी, गॅसवाला, सगळे सांगितल्यासारखे एका रेषेत.

"किती शिस्त आहे हो इथे," साहेब म्हणाले. त्यांना खरंच कौतुक वाटलं होतं.

"साहेब, ही शिस्त नाहीये, ते वाट बघतायत..."

तेवढ्यात पलीकडून गॅसवाल्याचा भाऊ ओरडला, "काका, झोपलात का? ड्युटीवर जायचंय आम्हाला!"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. घोळका वाढत चालला, आजी टेकायला जागा शोधायला लागली, आणि काकांना राहवलं नाही. त्यांनी आरशात वाकून, अगदी नाक लावून बघितलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "जा!" दोन्हीकडची माणसं आरामात रस्ता ओलांडून गेली. जाताना आजीने काकांना हात केला.

साहेबांनी तिथल्या तिथे फोनमध्ये अहवाल लिहिला आणि मला वाचून दाखवला. स्थानिक नागरिकांच्या सहकार्याने व्यवस्था सुरळीत. तूर्त गरज नाही.

ते गेल्यावर मी काकांवर जी भडकले, त्याला तोड नाही. "जरा वेळ गप्प बसता आलं नाही? तुमच्या आवाजाची खाज तुम्हाला आंधळं करणार आहे!" आरशावर नाकाचा डाग पडला होता, तो काका फडक्याने पुसत बसले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते घडलं. दुपारची वेळ, डांबर उन्हात चकाकत होतं. शाळेतल्या एक बाई आमच्या बाजूने निघाल्या. काकांनी "जा" म्हटलं, आणि करड्या रंगाची एक गाडी, रस्त्याच्याच रंगाची, वळणावरून आली. बाई मागे उडी मारून वाचल्या. गाडीचा आरसा त्यांच्या बॅगेत अडकला आणि खांद्यावरचा पट्टा तोडून बॅग घेऊन गेला. बॅग पुढे रस्त्यात पडली, गाडी थांबलीही नाही.

बाई बॅग घेऊन माझ्याच दुकानात आल्या. त्यांना खरचटलंही नव्हतं. मी विभागात फोन केला. उत्तर आलं, "कोणाला लागलंय का? नाही? मग बॅगेची नोंद आम्ही कशी घेणार?"

काका पायऱ्या उतरून माझ्या दुकानात आले. ते कधी येत नसत. टेबलावरचा तो तुटका पट्टा त्यांनी बोटांनी चाचपून बघितला. "मला दिसलीच नाही गं," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून काकांनी "जा" म्हणणं सोडलं. फक्त "थांबा". खात्री वाटत नाही तर जा कसं म्हणणार? रस्ता ओस पडलेला असो, "थांबा". लोक आधी हसले, मग चिडले, मग शिव्या द्यायला लागले. "ओ काका, मांजरसुद्धा नाहीये रस्त्यात!" तर आतून, "थांबा!" काही जण कंटाळून आपले आपण घुसायला लागले, आणि ते काकांना त्या शिव्यांपेक्षा जास्त लागत होतं.

मी म्हटलं, "काका, आता बास. दुकान बंद करा, ऑपरेशन करून घ्या. होईल ते होईल. एक अपघात झाला की दुसऱ्या दिवशी पट्टे मारतील, त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलंय."

काकांनी कात्री खाली ठेवली. "बरं. कोणाचा होऊ देऊ?"

"म्हणजे?"

"म्हणजे कोणाला देऊ त्यांना? आजीला? गॅसवाल्याला? तू पुढारीण आहेस, तू निवड. तू सांगशील त्याच्या वेळी मी गप्प बसतो."

माझ्या तोंडाचा पट्टा गावभर प्रसिद्ध आहे. त्या वेळी मात्र मी उठले आणि दुकानात जाऊन एका सुटकेसची चाकं बदलत बसले.

शेवटी काकूंनी कोणालाच विचारलं नाही. तारीख घेतली, सकाळी सलूनला कुलूप लावलं आणि काकांचा दंड धरून त्यांना पायऱ्यांवरून खाली आणलं. डोळ्यांचा दवाखाना रस्त्यापलीकडे, बसथांब्याच्या मागे. म्हणजे काकांना तोच रस्ता ओलांडायचा होता, जो त्यांनी इतकी वर्षं फक्त आरशात बघितला होता.

ते टेम्पोला टेकून कडेला उभे राहिले. मी पायऱ्यांवर चढले, उंचावरून वळणाकडे बघितलं आणि ओरडले, "जा!"

"मागून बघितलंस का?" काका.

"बघितलं! जा!"

"गोदामाकडून? नीट?"

"अहो जा ना!" तेवढ्यात गोदामाकडून रिक्षा आली.

"बघ!" काका विजयी स्वरात म्हणाले. "ओरडायचं म्हणजे नुसतं ओरडायचं नसतं!"

"चला हो, डॉक्टर निघून जातील," काकू रडकुंडीला आल्या. पण काका हलेनात. चिडवणं तोंडात होतं, पण हाताने टेम्पोची कडी घट्ट धरली होती. हा माणूस असाच उभा राहील आणि मग घरी परत जाईल, हे मला दिसलं. आणि घरी गेला की पुन्हा तारीख घेणार नाही.

मी पायऱ्या उतरले आणि सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवे करून उभी राहिले. वळणावरून आलेल्या गाडीने असा ब्रेक मारला की तिचं नाक माझ्या गुडघ्यापाशी आलं. "मरायचंय का बाई?" म्हणून ड्रायव्हर ओरडला. "नाही, म्हणून तर उभी आहे!" म्हणून मी ओरडले. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. काकूंनी काकांना ओढलं आणि दोघं माझ्या पाठीमागून निघाले. जाता जाता काका म्हणाले, "हात अजून वर. दिसत नाही लांबून."

ते पलीकडे पोचले. मी हात खाली घेणार, तर त्यांच्या मागून आजी निघालेली, आजीच्या मागे पोरी, समोरून बसमधली माणसं. मी तशीच उभी.

उजवा डोळा चांगला झाला. डाव्याचं अजून व्हायचंय. काका घरी काळा चष्मा लावून बसलेत आणि काकूंच्या स्वयंपाकात चुका काढतात. सलून बंद आहे. सकाळी आणि शाळा सुटते तेव्हा मी वळणावर असते, माझ्या गिऱ्हाइकांच्या बॅगा तशाच पडून राहतात आणि ती माझ्या नावाने खडे फोडतात.

परवा विभागात पुन्हा फोन केला. म्हटलं, सलूनवाले आजारी आहेत, दुकान बंद आहे, आता तरी पट्टे मारा.

"अपघात झाला का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"मग आता तिथे कोण ओरडतं?"

"मी," मी म्हटलं.

"बरं झालं," साहेब म्हणाले. मनापासून म्हणाले, सुटका झाल्यासारखे. मी फोन आपटला आणि बाहेर पाहिलं. समोरच्या कडेला बस रिकामी झाली होती आणि सगळे माझ्या दुकानाकडे बघत उभे होते.